भुसावळच्या लाइनीवरची खुंटी

सोमवार, ९ मार्च १९६४
आज पुन्हा तांबडा दिवा. लाइन चांगली होती, तरी माह्या नावावर बिघाड चढला.

आमच्या टेलिफोन एक्सचेंजात टेस्टिंगची मशीन आपोआप चालते. एक लाइन धरते, वाजवून पाहते, सोडते, दुसरी धरते. आमच्या टोळीची एक अन् कचरूच्या टोळीची एक — दोन्ही एकाच फळीवर. दोघींनी एकच लाइन धरली की दोन्हीकडे तांबडं. कचरू हिवरा आश्रमाकडचा. इतक्या लांब मुंबईत आपल्या जिल्ह्याचा एवढा एकच माणूस, अन् भांडण बी त्याच्याशीच.

मी म्हटलं, "काऊन बे, माह्या लाइनीत तुही मशीन कायले घुसवतं?"
"तुह्या मामानं आंदण देल्ली का लाइन?"

शंकरराव साहेबांनी दोघांले उभं केलं. "ज्याने आधी फळीवर लाइनीच्या भोकात लाकडी खुंटी मारली, त्याची लाइन. दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि टेस्ट झाली की खुंटी लगेच काढायची." काऊन लगेच, ते नाही सांगितलं. मी विचारलंही नाही. विचारलं की माहं शिक्षण निघतं.

मंगळवार, १० मार्च
उकंडरावमामाचं पत्र. माह्या बहिणीले, आशाले, स्थळ आलं. मुलगा इंद्रभान, इथंच मुंबईत गिरणीत. बाप गेल्यापासून घरात मोठा मी, म्हणून माहा शब्द पाहिजे. "गुरुवारी पाहुणे सुपारी फोडाले येतात. तू त्याची चौकशी कर. दुपारी मी नांदुऱ्याच्या पोस्टातून तुह्या एक्सचेंजले फोन लावतो. नाही म्हणायचं असन त तवाच सांग. बोलणं नाही झालं त तुहा होकार समजीन. पाहुण्यांले थांबवून ठेवता येत नाही."

मामा असाच. पण आशा त्याच्याच घरी राहते.

बुधवार, ११ मार्च
कामावरून सुटून इंद्रभानच्या चाळीत गेलो. दार एका बाईनं उघडलं. कडेवर पोरगी. मले वाटलं, बहीण असन.

"ते पाळीवर गेले. तुम्ही गावाकडचे का?" तिनं पाणी देल्लं. नाव जनकाबाई. गळ्यात मंगळसूत्र. मग म्हणे, "आत्याबाई बऱ्या आहेत ना? हे आज रातच्या गाडीनं गावाले जातात. मले कायले नेत नाहीत, सांगत नाहीत. तिकडं काही कार्य आहे का?"

मी म्हटलं, मले माहीत नाही. पाणी अर्धं तसंच राह्यलं.

तार करावी म्हटलं. पण तारेत हे कसं लिहू? तारबाबू वाचन, पोस्टमन वाचन, आशा घराबाहेर निघाच्या आधी सारं नांदुरा तिच्याकडं पाहीन. फोनवर मामाच्या कानात सांगतो. उद्या दुपारी.

गुरुवार, १२ मार्च
सकाळीच भुसावळच्या सगळ्या लाइनींले खुंट्या मारल्या. कचरू आला, खुंट्या पाहिल्या, गुमान दुसरीकडं गेला. मशीन एकसारखी चालली. एकही तांबडा दिवा नाही. शंकरराव म्हणाले, "आज शिकलास." खुंट्या तशाच ठेवल्या — संध्याकाळी दुसरी फेरी होती, काढल्या असत्या त कचरूची मशीन घुसली असती.

दुपारभर फोनपाशी बसलो. जेवाले गेलो नाही. मामाचा फोन आला नाही. पाहुणेच आले नसतीन. आले असते त मामा फोन लावल्याशिवाय राहत नाही.

शुक्रवार, १३ मार्च
बाहेरगावचे ट्रंककॉल जोडणाऱ्या अन्नपूर्णाबाई जिन्यात भेटल्या. सहज बोलल्या, "काल भुसावळवाली दुपारभर ओरडत होती. तिची एकही लाइन आत येईना. तुमच्यापैकी कुणी खुंट्या मारून विसरलं होतं."

मी म्हटलं, "खुंटी त दुसऱ्याच्या मशीनले अडवते ना?"
"मशीनला, मला, भुसावळला — सगळ्यांना. खुंटी असली की टेस्टिंग सोडून लाइन बंद."

नांदुऱ्याचा फोन भुसावळवरूनच येतो. हे मले माहीत होतं. खुंटीचं माहीत नव्हतं.

कचरूले म्हटलं, "तुले दिसत होतं त काऊन नाही काढल्या?"
"तुह्या होत्या ना बे. हात लावाचा नाही असं ठरलं होतं." मग त्यानं माह्या तोंडाकडं पाहिलं. म्हणे, "घरचं काही हाय का?" मी तसाच ट्रंकच्या खोलीकडं निघालो.

अन्नपूर्णाबाईंनी नांदुऱ्याचं पोस्ट लावून देल्लं. तिथला बाबू म्हणे, "उकंडराव? काल इथं बाकावर बसून होते. फोन लागेना. मग पाहुणे खोळंबले म्हणून उठून गेले." मामाच्या घरी फोन नाही. मामाले बोलवा म्हटलं. म्हणे, निरोप धाडतो, पण भरवसा देत नाही.

तारेचा कागद आणला. तसाच कोरा आहे.

शनिवार, १४ मार्च
सकाळी मामाची तार. 'फोन लागला नाही. होकार समजलो. सुपारी फुटली. लग्न पुढल्या सोमवारी.'

मी कागद भरून तारघराच्या खिडकीतून देल्ला. आतल्या माणसानं शब्द मोजत मोठ्यानं वाचला — 'इंद्रभानची बायको पोर मुंबईत. लग्न मोडा.' मागं रांगेत लोक होते. त्यानं वर पाहिलं. "हेच पाठवायचं?"

हाव म्हटलं.