तित्तर की चितूर?

रविवार, संध्याकाळ

आज मामांनी मला चांगलंच हरवलं, आणि तरी माझं हसू थांबत नाहीये!

सकाळी करमाळ्याला मामांकडे गेले होते. शेतापलीकडच्या माळावर फिरताना झुडपातून एक पक्षी ओरडला. मी लगेच म्हटलं, "तित्तर!"

मामा म्हणाले, "न्हाय, चितूर हाय त्यो."

मामांना मोतीबिंदू. समोरचा माणूससुद्धा धूसर दिसतो, मग त्यांना काय कळणार? मी शाळामास्तरीण, त्यांनाच शिकवायला लागले.

"अगं, तित्तर 'पतीला, पतीला' वरडतं. ह्याचा आवाज घोगरा, तुटका. ऐक की!"

ऐकतेय कोण? तेवढ्यात तो पक्षी दगडावर चढला. दुर्बीण लावली, तर काळ्या छातीवर पांढरे ठिपके. तित्तराला तर नुसत्या बारीक रेघा असतात. इतकी वर्षं मुलांना काय शिकवलं मी? दोघांना एकच नाव? आणि ठिपके तरी किती ठसठशीत!

"मामा, चुकले. चितूरच आहे."

ते खूश झाले. मग हळूच म्हणाले, "ठिपकं कसं दिसतंय गं?"

मी सांगत गेले. तांबूस तोंड, पिवळसर पाय, छातीभर ठिपके. मामा डोळे मिटून ऐकत होते. दोन वर्षं ऑपरेशनचं नाव काढू न देणारे मामा एकदम म्हणाले, "सोलापुरात डोळ्यांचा डॉक्टर गाठ. मला बी बघायचाय त्यो."

घरी येऊन आधी दवाखान्यात फोन लावला. बुधवारी सकाळी पहिलाच नंबर मामांचा!