गेटवरची पंधरा मिनिटं

मुलुंड (पूर्व)
गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप जयवंतकाका आणि काकी,
तुम्हा दोघांना गंधालीचा वाकून नमस्कार.

इकडे सगळं बरं आहे. बाबांचा हात आता कानापर्यंत वर जातो, त्यापुढे नाही. डॉक्टरांनी खिडकीवर चढणं कायमचं बंद सांगितलंय, तरी दिवाळीच्या घाईत दोनदा मला न सांगता राजेशबरोबर काचा पुसायला गेलेच. राजेशला मुलगी झाली. नावावरून त्याच्या घरी अजून भांडणं चालू आहेत. कापणीच्या तोंडावर तुमच्याकडे पाऊस लागला असं ऐकलं. भात किती हाती लागलं, असं आईने विचारलंय.

फोन सोडून पत्र का, असं काकी म्हणेल. फोनवर मी नुसतं "काका" म्हटलं की तुम्ही "बरां आसा मां? दितंय काकीक" म्हणून फोन पुढे करता. दोन महिने असंच चाललंय. आणि खरं सांगायचं तर तुम्ही फोन पुढे केलात की मलाही सुटल्यासारखं वाटतं.

भाऊबिजेला काकी म्हणाली की तुळशीचं लग्न आटोपलं की तुम्ही मुंबईला परत येताय. आमच्याकडे नाही, स्वतःचं काम स्वतः धरणार, आणि पहिल्यांदा डेल्फिन आंटीच्या खिडक्या करणार. त्याआधी हे पत्र तुमच्या हातात पडायला हवं. त्या गेटवर तुम्ही गेलात आणि तिथे कोणी काही बोललं, तर ते आधी माझ्याकडून कळलेलं असावं.

जरा मागून सुरुवात करते.

मी नियम केला तेव्हा माझ्या मनात वाईट नव्हतं, एवढं तुम्ही मानाल असं वाटतं. घाटकोपरच्या त्या बाई आठवतात? तुम्ही आणि राजेश बादल्या घेऊन दीड तास फुटपाथवर बसला होतात. त्या खरेदी करून आल्या आणि म्हणाल्या, "अय्या, तुम्ही आज होतात का?" भांडुपच्या एकाने सासूबाई झोपल्यात म्हणून दारातून परत पाठवलं, अकरा वाजता. एकजण तर एकाच दिवशी तिघांना बोलवायचा आणि जो आधी पोचेल त्याला आत घ्यायचा. तुम्ही यावर हसायचात. मला हसू यायचं नाही. काच पुसणाऱ्या माणसाच्या वेळेला काही मोलच नाही का, असं वाटून मी रडकुंडीला यायचे. घरात पहिली शिकलेली मी. माझ्या शिकण्याचा उपयोग तुम्हा लोकांना मान मिळण्यासाठी झाला नाही तर तो कशाला, असं मला मनापासून वाटायचं. अजूनही वाटतं.

म्हणून नियम केला. गेटवर पंधरा मिनिटं थांबायचं. गिऱ्हाइकाने आत घेतलं नाही तर निघायचं आणि वहीत त्यांच्या नावापुढे फुली मारायची. तीन फुल्या झाल्या की त्यांचं काम बंद. सगळ्यांना पटलं. तुम्ही तेवढे म्हणालात, "मॅनेजरीणबाय, माणसां काय एकसारखी आसतत?"

डेल्फिन आंटींच्या नावापुढे जुलैत पहिली फुली पडली, ऑगस्टच्या सुरुवातीला दुसरी. दोन्ही वेळा राजेश गेला होता. दोन्ही वेळा वॉचमनने मोबाईलवरून त्यांच्या फ्लॅटला विचारलं आणि उत्तर आलं नाही. मी त्यांच्या घरच्या फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "मी घरातच होते गो, वाट बघत होते." मला हसायला आलं. न भेटणारं प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं. घाटकोपरच्या बाईसुद्धा हेच म्हणाल्या असत्या, समोर सापडल्या नसत्या तर.

तुम्ही जायचात तेव्हा मात्र काम व्हायचं, पण चार खिडक्यांना अख्खी सकाळ लागायची. गणपतीच्या आधीच्या त्या गुरुवारी तुम्ही तिथून एक वाजता परत आलात आणि मुलुंड कॉलनीचं काम चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यावर सगळे बादल्या भरत असताना मी तुम्हाला बोलले. काय बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं.

"काका, तुम्ही तिथे कामाला जाता की चहाला?"

राजेश हसला. हसू नये असं त्याच्या लक्षात आलं आणि तो नळाकडे वळला. तुम्ही म्हणालात, "ती बाय घराकच आसता गो. गेटवरना कोण आत सोडनत नाय, म्हणान मागच्या गल्लीत उभो रवान हाक मारूची लागता. मगे ती खाली येता आणि माका घेवन जाता. तिका जिनो उतरूक येळ लागता."

मी म्हटलं, "लिफ्ट आहे ना तिकडे?"

"लिफ्टीक घाबारता ती."

"मग हे गिऱ्हाईक आपल्याला परवडत नाही."

तुम्ही हातातली रबराची पट्टी बादलीच्या कडेवर नीट आडवी ठेवलीत. "बरां," एवढंच म्हणालात. बाबा त्या वेळी दवाखान्यात होते, त्यांना हे मी परवापर्यंत सांगितलं नव्हतं. तुम्ही गणपतीला गावी गेलात, नेहमीप्रमाणे. फक्त या वेळी परत आला नाहीत. जाताना गाडीत बसल्यावर मात्र तुम्ही मला फोन केला होता. "आठ तारखेक त्यांचो चर्चातलो मावलीचो सण आसा, घराक पावणी येतली. त्याच्या आधी आंटीकडे कोणाक तरी धाड. आणि खालसून हाक मारूक सांग." मी "हो" म्हटलं होतं.

राजेशला मी तीन सप्टेंबरला पाठवलं. हाक मारायचं त्याला सांगितलं नाही. विसरले नव्हते, काका. नियम एकासाठी मोडला की सगळ्यांसाठी मोडतो असं मला वाटलं. तो पंधरा मिनिटं थांबला, निघाला, आणि मी स्वतः तिसरी फुली मारली. त्याच दुपारी आंटींचा फोन आला. मी त्यांना अगदी शांत, चांगल्या भाषेत सांगितलं की तुमच्याकडून तीनदा सहकार्य मिळालं नाही, त्यामुळे यापुढे आम्हाला जमणार नाही. मग त्यांनी विचारलं, "जयवंत बरा आहे ना?"

मी म्हटलं, ते गावी आहेत.

सहा तारखेला त्या स्वतः स्टुलावर चढल्या.

घाबरू नका, त्या घरातच पडल्या, आतल्या बाजूला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालतात. त्यांच्या बहिणीची मुलगी ग्रेस मरोळच्या गावठाणातून येऊन त्यांच्याजवळ राहिली आहे. हे मी तुम्हाला दोन महिने कळू दिलं नाही, आणि काकीला फोनवर "सगळं ठीक" सांगत राहिले.

पण मला जे लिहायचं आहे ते हे नाही. ते अजून पुढेच आहे.

नऊ तारखेला त्यांचा मुलगा ऑस्टिन, जो कॅनडात असतो, त्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. त्याने विचारलं, "आईने तुमच्याकडे काम सांगितलं होतं. तुमच्याकडून कोण येणार होतं आणि ते का आले नाहीत?" मला वहीतल्या तीन फुल्या दिसत होत्या. त्याला तेच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "तिथलं काम जयवंत नावाचे गृहस्थ बघायचे. ते आम्हालाही न कळवता गावी निघून गेले."

असं एका दमात बोलले. मध्ये अडखळलेसुद्धा नाही.

त्याने ते सोसायटीला कळवलं. मग तुमच्या जुन्या गेटपासचा फोटो वॉचमनच्या केबिनमध्ये लागला, खाली लिहिलेलं : प्रवेश नाही. तेरा वर्षं तुम्ही त्या इमारतीत जाताय. हे मला राजेशने येऊन सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. तेव्हाही मी काही केलं नाही. दिवाळीची कामं तोंडावर होती, असं स्वतःला सांगितलं.

बारा ऑक्टोबरला मी आंटींना भेटायला गेले. मनात काय घेऊन गेले होते ते मलाच धड माहीत नाही. हातात संत्री होती. वॉचमनने मोबाईलवर फ्लॅटचा नंबर दाबला. रिंग वाजत राहिली. तो म्हणाला, "मॅडम, उत्तर नाही. बाजूला थांबा." मी थांबले. माझ्यामागून दोन डिलिव्हरीवाले आत गेले, एक कुत्र्याला फिरवणारा आत गेला. मी घड्याळ बघितलं नाही, पण ती पंधरा मिनिटं मला नीट कळली. मग मागच्या गल्लीत गेले आणि तिसऱ्या मजल्याकडे तोंड करून ओरडले, "आंटी!" दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा ग्रेस खिडकीत आली आणि खाली उतरून मला आत घेऊन गेली.

तिनेच मला जिन्यात सांगितलं. "आमच्या फ्लॅटला ऑस्टिनचा नंबर लावलाय. इकडनं विचारलं की रिंग तिकडे कॅनडात जाते. इकडे सकाळचे अकरा, तिकडे रात्रीचा दीड. तो झोपलेला असतो. इंटरकॉम होता, तो काढून टाकला. मावशीला वाटतं लोक सांगून येत नाहीत, लोकांना वाटतं मावशी बोलावून घरी नसते."

काका, मी तिथेच जिन्यावर बसले. त्या खरंच घरात होत्या. तिन्ही वेळा, दाराजवळ खुर्ची टाकून. तुम्हाला मोबाईलचं काही माहीत नव्हतं, पण माणूस घरात आहे एवढं तुम्हाला माहीत होतं, आणि ते तुम्ही मला सांगितलं होतं. मला वही तेवढी वाचता येत होती.

त्या दिवशीही मी आंटींना काही बोलले नाही. संत्री ठेवली, "लवकर बऱ्या व्हा" म्हटलं आणि निघाले.

मग काकीकडून कळलं की तुम्ही येताय. परवा, मंगळवारी, मी परत गेले. आंटी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं : फुल्या, तुमचा निरोप, ऑस्टिनला दिलेलं खोटं उत्तर. ग्रेस दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मावशी, हिला जा म्हणू का?"

"थांब गो," आंटी म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "मला वाटलंच होतं. ऑस्टिनला मी तेव्हाच बोलले, जयवंत असं करणार नाही. तो म्हणाला, मम्मा, तुला माणसं कळत नाहीत." त्या थोड्या हसल्या. खुब्यात कळ आली बहुतेक, कारण लगेच ओठ आवळले.

मी म्हटलं, "आंटी, मी आत्ता खिडक्या करून देऊ? सामान आणलंय."

"नको."

"पैसे नकोत मला."

"पैशाचं कोण बोललं? माझ्या घरात तू नको, एवढंच. पडले ते पडले, ते म्हातारपण. पण त्याचं नाव घेतलंस ना, ते मला लागलं. मला काय सांगतेस? त्याला सांगितलंस?"

मी नाही म्हटलं.

"मग जा. आधी तिकडे सांग."

तिथून मी सोसायटीच्या ऑफिसात गेले आणि लिहून दिलं की जयवंत परब यांची काही चूक नव्हती, काम मी बंद केलं आणि खोटंही मीच सांगितलं. सेक्रेटरीने दोनदा वाचलं. "मग आता तुमचीच एंट्री बंद करावी लागेल," म्हणाला. करा म्हटलं. त्या इमारतीतली आपली सगळी घरं गेली. तुमचा फोटो माझ्यासमोर भिंतीवरून काढला. ऑस्टिनलाही मेल केली. त्याने एका ओळीचं उत्तर पाठवलं, ते इथे लिहीत नाही, पण ते योग्य आहे. आता त्यांच्या फ्लॅटला ग्रेसचा नंबर लावलाय. तुम्ही गेलात तर हाक मारावी लागणार नाही.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. ते ताटावरून उठले नाहीत, पण हात तसाच राहिला. मग म्हणाले, "जयवंता माझ्याबरोबर परळच्या चाळीत एका चटईवर झोपायचा." काल दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. आज पत्र लिहायला बसले तेव्हा त्यांना विचारलं, तुमचं काही लिहू का शेवटी? म्हणाले, "नको. ह्यां तुझांच पत्र."

तुम्ही परत आमच्याकडे या, असं मी लिहिणार नाही. स्वतःचं काम धरा. जुन्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांना तुम्ही हवे असाल त्यांना मी स्वतः तुमचा नंबर देईन. नियम मी काढून टाकलेला नाही. आपल्या माणसांनी उन्हात बसून राहावं असं मला अजूनही वाटत नाही. पण फुली मारण्याआधी आता कोणीतरी मागच्या बाजूला जाऊन हाक मारून येतं. बहुतेक वेळा वर खरंच कोणी नसतं. तरी जातो.

हे पत्र काकीला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी दाखवा म्हणेन. तिने फोनवर इतके दिवस माझ्यावर जी माया केली, ती सगळं माहीत असून केलेली नव्हती.

उत्तर पाठवलंत तर वाट बघतेच आहे. नाही पाठवलंत तरी मला कारण कळेल.

नऊ सप्टेंबरला फोनवर जे नाव सांगायला हवं होतं, ते आज इथे लिहिते.

गंधाली चंद्रप्रकाश परब