माडीच्या फटी

१४ नोव्हें.
भाकरी थापत होते. वर बघते तर छतातून खाटेचा पाय लोंबतोय! नशीब, पप्पा तेव्हा खाटेवर नव्हते, गॅलरीत बसले होते. वि. धावत वर गेला. वाळवी. फळी नखाने टोकरली तरी भुगा निघतो.
वि. म्हणाला, "आता पप्पांना खालीच आणू." म्हटलं, सासरे माझे, पण बाप तुझा. तूच सांग.

१६ नोव्हें.
पप्पा खाली आले, पण पाहुण्यासारखे. पिशवीसुद्धा उघडली नाही. "फळ्या झाल्या की मी वर." वि.ने मान हलवली, हो की नाही ते त्यालाच ठाऊक. त्याला जिन्याची धास्ती. जिना बाहेरच्या पडवीतून, उभाच्या उभा. धास्ती मलाही आहे, पण खाली त्यांचं उतरलेलं तोंड बघवत नाही.

२० नोव्हें.
शेजारच्या गास गावाहून मंगेश सुतार आला. तुळया सागवानी, ठणठणीत. एकीचं टोक भिंतीत पाणी मुरून कुजलंय, तिथे जोड देणार. पोखरलेल्या फळ्या बदलायच्या, बाकीच्या घासून त्याच. जुना रंग खरवडला. तपकिरी, त्याखाली हिरवा, त्याखाली लाल. मंगेश स्वतःशीच "अरे, लाल!" म्हणाला, तर पप्पा खालून ओरडले, "लाल माझ्या लग्नातला!" म्हातारबुवांचे कान अजून शाबूत.

२४ नोव्हें.
मंगेशला सांगितलं, सगळ्या फटींत लांबी (पुट्टी) भर, एक सोडू नको. लग्न होऊन भुईगावात आले तेव्हापासून वरचा केर माझ्या डाळीत पडतोय. पप्पा म्हणाले, "फटी राहू दे गं."
"कशाला?"
"असू दे."
असू दे काय! भरून घेतल्या.

३० नोव्हें.
रंगाचा दुसरा हात झाला. लालच घेतला, लग्नातला. वासाने डोकं उठलंय. पप्पा पडवीत पहिल्या पायरीवर बसून सारखे विचारतात, "वाळला का?" वि. प्रत्येक वेळी "नाही." आज वर जाऊन बोट लावलं. कधीचाच वाळलाय! पप्पांना सांगून टाकलं. वि. भडकला. भडकू दे.

३ डिसें.
पप्पा सकाळीच वर. जमिनीवरून हात फिरवला, "झक्कास" म्हणाले.
संध्याकाळी रोझरी. अर्धी प्रार्थना आम्ही खालून म्हणायची, उरलेली त्यांनी वरून, हे आमचं कायमचं. आज वरून काहीच नाही. थांबलो. पुन्हा म्हटलं. नाही. वि. पांढराफटक. मी पळत वर, जिन्यात गाऊन पायात आला.
पप्पा खाटेवर, हातात माळ. "आज रोझरी नाही केली तुम्ही? मी एकट्यानेच आटपली." दुपारी चहासाठी हाका मारल्या होत्या म्हणे. आम्हाला ढिम्म कळलं नाही.
पावसाळ्यात ते वर पडले तेव्हा कण्हणं फटीतूनच ऐकू आलं होतं मला. आज आठवलं. मी तिथेच बसले आणि रडले. पप्पा म्हणतात, "अगं, रोझरी झाली ना, रडतेस काय!"

५ डिसें.
वि.चं पक्कं. नाताळनंतर पप्पा कायमचे खाली. "वर काही झालं तर कळणार कसं?" आता बोलायला तोंड आहे का मला? फटी मीच बुजवल्या.
पप्पांना मोबाईल दिला. त्यांनी तो कपाटात कपड्यांखाली ठेवलाय, सांभाळून.
मंगेशला फोन केला, खाटेजवळची लांबी काढून दे. "वहिनी, एवढं छान झालंय, मी नाय हात लावनार."

७ डिसें.
मीच काढली. वि. कामावर गेल्यावर स्क्रूड्रायव्हर आणि भाजीची जुनी सुरी घेऊन बसले. पप्पा खाटेवरून हुकूम सोडताहेत, "जरा डावीकडे. हां. खोल जाऊ दे." नव्या रंगाचे टवके उडाले, जीव हळहळला. हातभर फट मोकळी झाली. खाली डाळ आधीच झाकून ठेवली होती.

संध्याकाळी वि.ने छताकडे बघितलं, तोंड पाडलं. मग शेगडीपाशी उभा राहून हळू आवाजात सुरू. "फट उघडली म्हणून जिना सोपा झाला? नाताळनंतर खाली म्हणजे खाली."
"ते नाही म्हणाले तर?"
"त्यांना कोण विचारतंय!"
वरून पप्पा, "मला विचारा ना. ऐकू येतंय सगळं."
वि.ने वर बघितलं, नेमका डोळ्यात भुगा गेला. चोळत उभा राहिला.
"आणि आधी चहा," पप्पा.

दोन कप भरले. वि.च्या हातात दिले, म्हटलं, वर जा, काय विचारायचं ते तिथे बसून विचार. गेलाय.
मी फटीखाली उभी राहून हे लिहितेय. कप ठेवल्याचा आवाज आला. मग वि.चा आवाज, "पप्पा, तुम्हीच सांगा."