बाई किती वेळा ओरडल्या

शनिवार, दुपार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, उत्तराला उशीर झाला. आईची तब्येत बरी आहे, जेवण व्यवस्थित आहे. वहिनींचा गुडघा कसा आहे?

यंदा माझा दुसरीचाच वर्ग तिसरीत माझ्याकडे आला. या आठवड्यात गणितात माहिती गोळा करायला शिकवलं. अंदाजाने बोलायचं नाही, आधी मोजायचं. प्रत्येकाने एक प्रश्न निवडायचा, पाच दिवस बघायचं आणि वहीत रेघा ओढायच्या. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावर तिरकी. कुणी फाटकातून येणाऱ्या सायकली मोजल्या, कुणी वर्गातल्या शिंका. शिंकांचा आकडा वाढावा म्हणून मित्रांनी खोट्या शिंकाही दिल्या.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. आवाज इतका बारीक की मी तिला चिमणी म्हणते. काल ती वही द्यायला टाळाटाळ करत होती. मी ओढूनच घेतली. वर लिहिलं होतं, 'बाई किती वेळा ओरडल्या'. सोमवारी सात. गुरुवारी अकरा.

हाच प्रश्न का घेतलास, असं मी विचारलं. ती फरशीकडे बघत म्हणाली, "मागच्या वर्षी तुम्ही ओरडत नव्हता. मला वाटलं, मलाच उगीच तसं वाटतंय. म्हणून मोजलं."

मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि मधल्या सुट्टीत नकाशांच्या खोलीत दार लावून बसले.

दादा, आईबद्दल वर लिहिलं ते खरं नाही. ती मला ओळखत नाही. माझ्याकडेच बघून सारखी विचारते, माझी मुलगी कधी येणार? गुरुवारी सकाळी मी घातलेले कपडे तिने तिसऱ्यांदा काढून टाकले. मला शाळेला उशीर होत होता. मी तिच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही. गालावर हात ठेवून म्हणाली, "चुकलं हो बाई."

मग मी शाळेत गेले. अकरा वेळा ओरडले.

तू दर वेळी विचारतोस, जमतंय ना? मी हो म्हणते. चार लोक चांगली मुलगी म्हणतात, त्याची चटक लागली होती. आईला सांभाळायला लागून सहा वर्षं झाली. आता मी हात टेकले.

शेजारच्या निवृत्त नर्सबाई सोमवारपासून सकाळी येतील. आईचे कपडे त्याच बदलतील, मी नाही. पण ही आठ-दहा दिवसांची सोय आहे. तू ये आणि आईला घेऊन जा. कायमचं जमत नसेल तर निदान सहा महिने. हे पत्र वहिनींनाही वाचायला दे. मारल्याचं झाकू नकोस.

आई तुझं नाव अजून घेते. ते किती दिवस टिकेल, सांगता येत नाही. कधी निघतोस, तेवढंच कळव.

तुझी,
फार थकलेली धाकटी