विमान वळलं तेव्हा

प्रिय नितीन,

आज दुपारी ड्युटी संपवून आले, पंख्याखाली जरा पाठ टेकली आणि तू आलास. अंबाजोगाईच्या माझ्या वॉर्डात, पेशंटच्या स्टुलावर बसून तू हात पुढे केलास. मी बीपीचा पट्टा गुंडाळला, हवा भरत राहिले. खिडकीबाहेर सगळं आभाळच होतं, खाली जमीन नव्हती. जागी झाले ती तुझ्याशी बोलायचं ठरवूनच. समोरासमोर आता जमायचं नाही, म्हणून हा कागद.

पालीच्या धरणावर आपण जाऊन बसायचो, आठवतं? पाण्यावर दोन घारी एकमेकींच्या मागे फिरायच्या आणि लढाऊ विमानाचा पायलट झालेला तू लहानपणासारखाच तोंड उघडं टाकून बघत बसायचास. मी मुद्दाम डिवचायची. "आता काय ऱ्हायलंय रे तुमाला? रडार बगतंय, क्षेपणास्त्र आपलं आपण जातंय. तू नुसता बसलेला!"

"लई शाणी हाईस, अक्का! लांबून मारायचं तर मशीनच जिंकतंय, खरं हाय. पन दोघं जवळ आले, की कवा वळायचं ते माणसालाच कळावं लागतंय."

केवढा आवाज चढायचा तुझा! मी विमानाचं कौतुक केलं की तुला राग यायचा, आणि दुसऱ्या कुणी तुझ्या विमानाला नावं ठेवली की त्याहून जास्त.

विमान जोरात वळलं की अंगाचं वजन आठ-नऊ पट होतं, रक्त पायांत उतरतं, डोळ्यांपुढचे रंग जातात, हे तूच मला सांगितलंस. म्हणून तुमच्या त्या कपड्यांत हवा भरते आणि पाय-पोट आवळून धरते. "तुजा बीपीचा पट्टाच हाय की, फक्त दोनी पायाला!" मग मांड्या ताठ करून, श्वास कोंडून हुंकार द्यायचा सराव तू आपल्या किराणा दुकानामागे करून दाखवलास, तर अण्णा धावत आले. "कावून कुंथतोस बे? पोट साफ न्हाई का?" किती हसलो होतो आपण!

परवा तेलगावला आपल्या घरी तुझ्या तुकडीतले साहेब आले होते. मी तिथेच होते. तुला जाऊन वर्ष होत आलं, तरी अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगतात, "मशीनच खराब निघालं वो, माजं पोरगं हुशार व्हतं." साहेबांनी फार हळू आवाजात सांगितलं. सरावाची लढत होती. विमान शेवटपर्यंत ठीक होतं. वळायची वेळही तू बरोबर साधली होतीस, समोरचा तुझ्या टप्प्यात आला होता. पण त्या वळणात तुझी शुद्ध गेली. विमान तेवढं वळू शकत होतं, तुझं शरीर नाही.

म्हणजे आपण दोघं उगाच भांडत होतो रे! यंत्र मोठं की कसब मोठं? मध्ये हाडामासाचा तू होतास, हे मला तरी सुचायला हवं होतं. नर्स आहे ना मी?

मग साहेबांनी विचारलं, "तो आधी आजारी होता का? घरी काही बोलला होता? बाकीच्या मुलांच्या उपयोगी पडेल." अण्णा म्हणाले, न्हाई. मीही म्हणाले, नाही.

नितीन, मी खोटं बोलले. तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी तुझा फोन आला होता. जुलाब होतायत, डॉक्टरला सांगितलं तर दोन दिवस उडू देणार नाहीत, सांगू का? मी घाईत होते. "येवढ्यासाठी कावून सांगतूस? मीठ-साखरेचं पानी पी, गोळी घे," म्हणाले. अंगातलं पाणी गेलं की रक्तदाब पडतो, हे मी रोज पेशंटच्या नातेवाइकांना बजावते! तुलाच कसं नाही सांगितलं? आणि तू तरी का ऐकलंस? एरवी माझं एक ऐकलं नाहीस, त्या दिवशीच कसं बरं निमूट ऐकलंस! याचा मला अजून राग येतो.

परवा परतीच्या एसटीत कापूस फुटलेली रानं मागे पळत होती. डोळा लागला की त्यांचे ढग व्हायचे आणि त्यांतून तू निवांत चाललेला दिसायचास, आवाज न करता, सरळ. हाक मारावीशी वाटली. पण भीती वाटली, हाक मारली तर वळशील.

उद्या सुट्टी आहे. तेलगावला जाऊन आधी अण्णांना सगळं सांगणार, मग त्यांच्यासमोरच साहेबांना फोन लावणार. अण्णांना आता मीच एक उरलेय, मीही त्यांच्या मनातून उतरेन, म्हणून परवा फोनचं लपवलं. पण तुझ्या जागेवर आता दुसरा कुणी बसत असेल. त्याचंही पोट कधी बिघडेल, तोही घरी फोन करून विचारेल, सांगू का? त्याच्या घरी कुणी माझ्यासारखी घाईत असली, तरी त्याच्या साहेबांना तरी माहीत असू दे.

अण्णांनी मला घरात घेतलं नाही तर बाहेर रस्त्यावर उभी राहीन, पण फोन करीन. हे वचन.

तुझी,
अक्का