ढोल्याचं माप

४ मार्च
गोचीड! हिच्या कुत्र्याच्या कानामागे, चांगले टरटरून फुगलेले. मेहुणी रविवारी ढोल्याला कायमचा न्यायला येणार होती. तिला फोन केला. म्हणाली, "भावोजी, आमच्याकडे रांगतं मूल आहे. आधी गोचीड घालवा, मग नेते."

घालवतो. माझी कुठे ना आहे! ही गेल्यापासून तो माझ्या वाटेला जात नाही, मी त्याच्या. एका घरात दोन भाडेकरू.

५ मार्च
औषधाच्या थेंबांची नळी आणली. दुकानदाराने विचारलं, "वजन किती?" वीस किलो, ठोकून दिलं. जन्मभर शिंपीकाम केलंय. गिऱ्हाईक दारात असतानाच छाती-कंबर सांगतो, तिथे कुत्र्याचं काय घेऊन बसलात!

दोन खांद्यांच्या मधे केस बाजूला सारून कातडीवर सोडायचं, म्हणजे त्याची जीभ पोचत नाही. सोडलं. सुकेपर्यंत हात लावू नका म्हणाला. इथे लावतंय कोण?

संध्याकाळी — ढोल्या थरथरतोय. तोंडातून लाळ. उभा राहिला की पाय लटपटतात. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. "हातमोजे घाला, भांड्यांच्या साबणाने औषध धुऊन काढा, अंग कोरडं करा, आणि नळी घेऊन लगेच या."

पाणी ओतलं, केस अंगाला चिकटले, आणि मी बघतच राहिलो. आत कुत्रा उरलाच नव्हता. नुसत्या बरगड्या! मी शिंपी म्हणवणारा, आणि कोटावरून माप घेतलं.

६ मार्च
दवाखान्यातच ठेवून घेतलंय त्याला. वजन मी सांगितलेल्याच्या निम्म्याहून जरा वर. म्हणजे औषध जवळजवळ दुप्पट गेलं. "नळीवर वजन लिहिलेलं असतं ते उगाच नाही, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग विचारलं, "हा जेवत नाही का?"

रोज ताटली भरतो, म्हटलं. सकाळी भरलेलीच उचलून टाकतो, ते सांगवेना. "माणूस गेलं की हेही खाणं सोडतात," त्या म्हणाल्या. आणि मी समजत होतो, या घरात दुःख मला एकट्यालाच आहे.

घर खायला उठलंय. ही गेली तेव्हा निदान चार माणसं येऊन-जाऊन होती. आज मशीनवर बसलो तर सुईत दोरा ओवेना. रडलो. बघायला कुत्रंही नव्हतं.

८ मार्च
आणला.

९ मार्च
जेवायला खाली बसलो, त्याच्या ताटलीशेजारी. मी खाल्लं, मग त्याने खाल्लं. मी थांबलो की तोही थांबायचा. शेवटी मलाच जास्त जेवावं लागलं!

१० एप्रिल
डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभा करून, लहान नळी देऊन, स्वतःसमोर माझ्याकडून थेंब टाकून घेतले. दोन दिवस आंघोळ नाही, सुकेपर्यंत हात नाही. घरी आल्यावर तो डोकं माझ्या मांडीवर ठेवायला आला. त्याला दूर सारताना फार जड गेलं.

१४ एप्रिल
सकाळी बारीक कंगव्याने त्याला कानापासून शेपटीपर्यंत विंचरलं. एकही सापडला नाही. दुपारी मेहुणीचा फोन — "भावोजी, गेले का हो गोचीड?"

म्हटलं, "अगं, अजून पुष्कळ आहेत."