आई कुठून पडली

पारोळा, १२ फेब्रुवारी १९९०

आधारभाऊ,

आई न्हाणीत घसरली असं मी कळवलं, ते खोटं होतं. ती सायकल शिकताना माझ्या सायकलवरून पडली. सीट मी धरली होती आणि मीच सोडली. घरात शिकलेली मी एकटी, म्हणून माझं लिहिलेलं तुम्ही खरं धरता. ‘आईचं वय झालं, रविवारी जळगावला नेतो, आता बसून राहू दे,’ हे तुमचं उत्तर तिला वाचून दाखवायचा मला धीर झाला नाही.

शेजारच्या द्रौपदामावशी हसल्या होत्या, “लिलाबाई, आते नातूले शिकाड, तू कसाले शिकस?”

आई म्हणाली, “आरसामा म्हातारी दिखस. मी तं अजून पोरच शे.”

हाताचं प्लास्टर निघालं की ती पुन्हा सायकल मागेल. मी सीट धरेन, आणि पुन्हा काही मोडलं तर दोष माझाच. हा विचार मला जेवू देत नाही.

तुम्हाला पत्र शेजारी वाचून दाखवतात. हे त्यांच्या तोंडून तुमच्या कानी पडू नये, म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. तुम्ही तिची पेटी उचलण्याआधी, तिच्यासमोर, मी स्वतः सांगेन. रविवारी, अठरा तारखेला.

तुमची धाकटी,
कोकिळा